कारखाना, दुकान मागे ठेवून सुट्टीवर जाताना: तयारीचा क्रम आणि नेहमीच्या चुका

महाबळेश्वरच्या पॉइंटवर उभं राहून ई-वे बिलाचा (माल गाडीने पाठवताना लागणाऱ्या ऑनलाइन कागदाचा) ओटीपी सांगणारा माणूस सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत कुणालाही ओळखीचा वाटेल. कामाचा व्याप मोठा आहे म्हणून असं होतं, हा समज मला पटत नाही. ज्यांचे हिशेब मी पाहतो त्यांच्यात पन्नास लूमवाले (यंत्रमागवाले) निवांत फिरून येतात आणि आठ लूमवाले हॉटेलच्या खोलीत बसून बिलं काढतात. फरक तयारीच्या क्रमात असतो.

चुकीचा क्रम साधारण असा: आधी तिकीट, मग घरच्यांना शब्द, मग शेवटचे दोन दिवस रात्री बारापर्यंत बसून कामं उरकणं आणि निघताना दारातून सांगणं, "काही लागलं तर फोन करा." एवढं एक वाक्य सुट्टी खाऊन टाकायला पुरेसं असतं. "काही" म्हणजे काय हे ठरलेलं नसल्यामुळे सगळंच लागतं.

चालू धंद्यातलं काम संपवून कुणालाच निघता येत नाही, त्यामुळे तो नाद सोडा. तुमच्यावाचून काय अडतं ते शोधा आणि ती अडवणूक निघण्याआधी मोडा. खालचे टप्पे त्याच क्रमाने घ्या. टॉवेल-चादरीचा छोटा कारखाना, नवी पेठेतलं किंवा चाटी गल्लीतलं दुकान, पाच-पंधरा माणसांचं ऑफिस डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं आहे. नोकरदारांचा भाग चौथ्या टप्प्याच्या शेवटी आहे.

टप्पा १: तिकिटाआधी तारखा तपासा

रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. मे महिन्यात सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये कुटुंबाला एकत्र जागा हवी असेल तर त्याच दिवशी सकाळी बुकिंग करावं लागतं. म्हणजे तारखांचा विचार किमान अडीच महिने आधी सुरू व्हायला हवा.

आधी सरकारी तारखा कॅलेंडरवर मांडा. ७ तारखेला टीडीएस (पैसे देताना कापून ठेवलेला कर) भरायचा. ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरण). १५ ला कामगारांचा पीएफ आणि ईएसआय (विमा). २० ला जीएसटीआर-३बी (कर भरायचं विवरण). तिमाही पद्धतीत असाल तर तिमाही संपल्यानंतरच्या महिन्यात १३ ला जीएसटीआर-१ आणि महाराष्ट्रासाठी २२ ला ३बी. ह्यातून मोकळा पट्टा उरतो तो २१ किंवा २३ पासून पुढच्या महिन्याच्या ६ पर्यंत. सुट्टी ह्या पट्ट्यात बसवा. मार्चचा शेवट आणि एप्रिलचा पहिला पंधरवडा सोडून द्या. वर्षअखेरचा साठा आणि नव्या वर्षाची बिलांची मालिका एकमेकांना चिकटून येतात, आणि मार्चचा टीडीएस ३० एप्रिलपर्यंत भरायचा असतो.

मग धंद्याच्या तारखा. लगीनसराईत आहेराच्या टॉवेल-टोपीची मागणी असते, दिवाळीआधी चादरीची. त्या काळात विक्रेत्याने निघू नये. उलट संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत किंवा नारळी पौर्णिमेला मार्कंडेय रथोत्सवाला कामगार हमखास रजेवर असतात. कारखाना तसाही थंड असतो, तेव्हा दोन दिवस पुढे-मागे जोडून जाणं सर्वांत सोपं. यात्रेतली नंदीध्वजांची मिरवणूक चुकवायला सोलापूरकराचं मन होत नाही हे मलाही कळतं. यात्रेनंतरचे दिवस बघा.

शेवटी बँक. चौथा शनिवार नेहमी २२ ते २८ मध्येच पडतो, म्हणजे बरोबर तुमच्या मोकळ्या पट्ट्यात. त्या शनिवार-रविवारी बँक बंद. आठवड्याचा पगार रोख देत असाल तर रक्कम शुक्रवारीच काढून ठेवावी लागेल.

तपासा: तुमचा जॉबर (लूम बघणारा मुख्य कारागीर), क्लार्क किंवा मुनीम त्याच आठवड्यात गावी जाणार नाही ना? आधी त्यांना विचारा, मग तिकीट काढा.

टप्पा २: अडणाऱ्या गोष्टींची वही

निघण्याच्या सहा आठवडे आधी साधी शंभर पानी वही घ्या आणि दोन आठवडे टेबलावर ठेवा. दिवसभरात कुणीही तुमच्याकडे काहीही विचारायला आलं की एक ओळ लिहा: कुणी विचारलं, काय विचारलं, तुम्ही काय उत्तर दिलं.

बहुतेक लोक ही यादी एका संध्याकाळी बसून आठवणीतून करतात आणि इथेच फसतात. आठवणीतून मोठी कामं येतात: ऑर्डर, वसुली, रिटर्न. सुट्टीत फोन येतात ते बारीक गोष्टींचे. "मालक, टेम्पोवाला आलाय, भाडं रोख द्यायचं का खात्यावर?" "मरून रंगाचं सूत संपलं, ताण्याला दुसरी शेड चालेल का?" "अमका दोन हजार उचल मागतोय." "आज पाणी येणार आहे, टाकीचा व्हॉल्व्ह कोण उघडणार?" काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात हा शेवटचा प्रश्न क्षुल्लक नाही. तो दिवस हुकला तर पुढचे दिवस टँकर मागवावा लागतो.

दोन आठवड्यांनी वहीतल्या प्रत्येक ओळीपुढे तीनपैकी एक अक्षर लिहा. मा म्हणजे माहिती: उत्तर तुमच्या डोक्यात आहे, कागदावर नाही. प म्हणजे परवानगी: ओटीपी, सही, पासवर्ड किंवा चावी तुमच्याकडे आहे. नि म्हणजे निर्णय: कुणीतरी ठरवावं लागतं. तिघांवरचा उपाय वेगळा आहे आणि तो वेगळा न केल्यामुळेच सगळं ओझं फोनवर येतं.

बहुतेक वहीत मा सर्वांत जास्त निघतात. त्यांचा इलाज सरळ आहे, लिहून भिंतीवर लावा. दरपत्रक, शेडचे नंबर, कुठल्या पार्टीला एका गाठीत किती डझन आणि कसं पॅकिंग, कुठला ट्रान्सपोर्ट, मोटर वाइंडिंगवाल्याचा आणि इलेक्ट्रिशियनचा नंबर. ह्याला एक दुपार पुरते.

टप्पा ३: ओटीपी, सह्या आणि चाव्या

आता वहीतले प. सर्वांत जास्त वेळ ह्या टप्प्याला द्या. किमान तीन आठवडे हातात ठेवून सुरू करा, कारण बँकेची कामं एका फेरीत होत नाहीत.

ई-वे बिल. राज्याबाहेर ५० हजारांवरचा आणि महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखावरचा माल ई-वे बिलाशिवाय हलत नाही. १ एप्रिल २०२५ पासून ह्या पोर्टलवर सगळ्यांनाच लॉगिन करताना ओटीपी लागतो आणि तो मालकाच्या मोबाइलवर जातो. गाडी भरून उभी, क्लार्क फोन लावतोय आणि तुम्ही घाटात, हा प्रकार इथून सुरू होतो. तोडगा पोर्टलमध्येच आहे. मुख्य लॉगिनमधून क्लार्कसाठी सब-युजर (दुय्यम लॉगिन) तयार करा आणि त्याचाच मोबाइल नंबर नोंदवा. मग त्याच्या लॉगिनचा ओटीपी त्याच्या फोनवर येतो. कुठली कामं करू द्यायची हेही तिथेच ठरवता येतं.

मुदतीचा हिशेबही त्याला समजावून सांगा. साध्या मालवाहतुकीत दर २०० किलोमीटरला, किंवा त्याच्या अपुऱ्या भागाला, एक दिवस मिळतो. गाडी वाटेत बिघडली आणि मुदत संपत आली तर मुदत संपण्याच्या ८ तास आधीपासून ८ तास नंतरपर्यंत वाढवून घेता येते. ही वेळ हुकली की रस्त्यात दंडाचा प्रसंग येतो आणि तेव्हा फोन तुम्हालाच येणार.

बँक. चालू खात्याला बहुतेक बँका अशी सोय देतात की एक जण व्यवहार टाकतो आणि दुसरा मंजूर करतो. क्लार्क टाकेल, घरातली जबाबदार व्यक्ती मंजूर करेल अशी रचना करा. त्यासाठी अर्ज, केवायसी आणि कधी कधी भागीदारांची संमती लागते, म्हणून तीन आठवडे म्हटलं. किरकोळ खर्चासाठी यूपीआय सर्कल वापरता येतं. त्यात तुमच्या खात्यातून दुसऱ्या माणसाला एका वेळी ५ हजार आणि महिन्याला १५ हजार रुपयांपर्यंत खर्च करण्याची मुभा देता येते. चहा, टेम्पो, किरकोळ दुरुस्ती एवढ्याला ते पुरतं.

चेक. इथली चूक जुनी आणि घातक आहे: कोऱ्या चेकांवर सह्या करून ड्रॉवरमध्ये ठेवणं. माणूस कितीही विश्वासाचा असो, करू नका. चेक हरवला तर संशय त्याच माणसावर येतो आणि वर्षानुवर्षांचं नातं बिघडतं. कुणाला, किती, कोणत्या तारखेला हे भरून, रेघा मारून, अकाउंट पेयी करून द्या आणि प्रत्येक चेकचा नंबर कागदावर लिहून त्यावर दोघांच्या सह्या घ्या. ५० हजार आणि त्यावरच्या चेकसाठी पॉझिटिव्ह पे ह्या सोयीत चेकची माहिती बँकेला आधी देता येते. मोठ्या रकमांना काही बँका ती मागतातच. तुमच्या शाखेचा नियम विचारून घ्या, नाहीतर सूतवाल्याचा चेक अडकतो.

सावधान: ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक क्लिअरिंग दिवसभर चालू असतं आणि सकाळी टाकलेला चेक त्याच दिवशी वटू शकतो. "आज दिला, परवा वटेल, तोवर पार्टीचे पैसे येतील" हा जुना हिशेब आता चालत नाही. चेकच्या तारखेला खात्यात रक्कम असलीच पाहिजे.

व्हॉट्सअ‍ॅप. ऑर्डर तुमच्या खासगी नंबरवर येत असतील तर सुट्टी मिळणार नाही, हे स्पष्टच सांगतो. धंद्यासाठी वेगळा नंबर घ्या आणि तो फोन दुकानात ठेवा. हे एक काम मात्र ह्या टप्प्याची वाट न पाहता सुरू करा: निघण्याच्या दोन महिने आधीपासून प्रत्येक ऑर्डरला त्याच नंबरवरून उत्तर द्या म्हणजे पार्टीला सवय लागते.

चाव्या. गोदाम, कपाट, मीटर रूम, जनरेटर, पाण्याची टाकी. प्रत्येकाची दुसरी चावी करा, चिठ्ठी बांधा, आणि त्या चावीने कुलूप खरंच उघडतं का ते उघडून बघा.

सावधान: रात्री कारखान्यात माणसं राहत असतील तर दार आतूनही उघडता आलं पाहिजे आणि वाट मोकळी पाहिजे. सूत आणि तयार मालाचे ढीग दारासमोर लावलेले असतील तर ते हलवल्याशिवाय गावाबाहेर जाऊ नका. आग विझवायच्या सिलिंडरची मुदत बघा, तो कसा चालवायचा हे रात्रपाळीच्या माणसाला करून दाखवा, आणि १०१ व १०८ हे नंबर मोठ्या अक्षरात लावा.

तपासा: तुमचं सिम, डेबिट कार्डाचा पिन किंवा नेट बँकिंगचा पासवर्ड कुणालाही द्यावा लागत नाही ना? लागत असेल तर रचना अजून चुकलेली आहे.

टप्पा ४: एक माणूस, एक हद्द

आता वहीतले नि. त्यांच्यासाठी एकच माणूस नेमा. दोघांना "मिळून बघा" सांगितलं की दोघंही तुम्हालाच फोन करतात.

नेमताना रुपयांत आणि दिवसांत बोला. "जरा बघून घे" ह्याला काही अर्थ नाही. उदाहरणार्थ: दुरुस्तीचा खर्च ५ हजारांपर्यंत विचारू नकोस, पावती वहीत चिकटव. जुन्या पार्टीला, ६० दिवसांवरची बाकी नसेल तर, नेहमीच्या रकमेइतकी उधारी दे. नव्या पार्टीला माल रोखीवरच. दरात २ टक्क्यांपर्यंत सूट तुझ्या हातात. उचल माणशी १ हजार, पुढचं मी आल्यावर. आकडे तुमचे तुम्ही ठरवा, पण आकडे असलेच पाहिजेत.

मग सगळ्यांना एकत्र बोलावून त्याच्यासमोर सांगा की ह्या आठवड्यात अमुक जण सांगतील ते माझं सांगणं समजा. हे चारचौघांत झालं नाही तर कामगार त्याचं ऐकत नाहीत आणि तो बिचारा अडचणीत येतो.

घरातली एक नाजूक गोष्ट. तुम्ही गावाला गेलात की पुष्कळ ठिकाणी वडील किंवा काका गादीवर येऊन बसतात. त्यांचा शब्द मोडायची क्लार्कची हिंमत होत नाही, आणि व्हायलाही नको. म्हणून आधी वडिलांशी बोला, मग माणूस नेमा. "अण्णा, बँकेची मंजुरी आणि मोठी वसुली तुमच्याकडे, डिस्पॅच आणि रोजची खरेदी त्याच्याकडे," अशी वाटणी त्यांच्या तोंडून क्लार्कला सांगितली गेली तर पुढे वाद राहत नाही.

आता फोन कधी करायचा त्याची यादी. माझ्या मते पाच गोष्टी पुरतात: आग किंवा अपघात, कुणी गंभीर आजारी, सरकारी तपासणी किंवा नोटीस, ठरलेल्या रकमेपेक्षा मोठी ऑर्डर रद्द होणं किंवा माल परत येणं, एका दिवसात सुरू न होणारा मोठा बिघाड. बाकी सगळं वहीत लिहायचं. ही यादी फोनशेजारी चिकटवा.

नोकरदार असाल तर: रजा लेखी मंजूर झाल्यावरच तिकीट काढा, साहेबांच्या "बघू, जा" वर नको. तुमचं काम कोण बघणार त्याचं नाव साहेबांकडून ठरवून घ्या आणि त्या सहकाऱ्याशी आधी स्वतः बोला. मेलमधून अचानक कळलेली जबाबदारी कुणी मनापासून पाळत नाही. चालू कामांचा एक पानी कागद द्या: काम कुठवर आलं, पुढचं पाऊल काय, कुणाला विचारायचं, फाइल कुठे आहे. आणि त्याच्या सुट्टीत तुम्ही त्याचं बघाल हे तेव्हाच सांगा.

टप्पा ५: पार्ट्यांना कळवणं

दोनदा कळवा: पंधरा दिवस आधी आणि तीन दिवस आधी. निरोपात तीन गोष्टी हव्यात: कोणत्या तारखा, कुणाशी बोलायचं, आणि कोणत्या दिवसापर्यंत आलेली ऑर्डर आधी निघेल. "२२ ते २८ मी बाहेरगावी आहे. ऑर्डर आणि डिस्पॅचसाठी दुकानाच्या नंबरवर बोला. २२ च्या आत माल हवा असेल तर १५ पर्यंत ऑर्डर द्यावी." एवढं पुरे. परतीची तारीख एक दिवस पुढची सांगा, तो दिवस तुम्हाला लागणार आहे.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर गैरहजेरीचा आपोआप जाणारा निरोप लावता येतो, पण फोनला इंटरनेट चालू असेल तरच तो जातो. दुकानातल्या फोनचा डेटा संपला की निरोपही थांबतो. जीमेलवर सुरुवातीची आणि शेवटची तारीख टाकून उत्तर लावता येतं. दोन्हीकडे बदली माणसाचा नंबर नसेल तर त्या निरोपाचा काही उपयोग नाही.

सावधान: "सहकुटुंब केरळ" असं स्टेटस निघतानाच टाकू नका. बंद घराचा पत्ता सगळ्यांना माहीत असतो. फोटो परत आल्यावर टाका.

टप्पा ६: रंगीत तालीम

हा टप्पा लोक हमखास गाळतात, आणि माझ्या लेखी तो सर्वांत मोलाचा आहे. निघण्याच्या दहा-बारा दिवस आधी, मुद्दाम डिस्पॅचचा दिवस बघून, पूर्ण दिवस कामावर जाऊ नका. सकाळीच अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला किंवा तुळजापूरला जा, संध्याकाळी घरी या, आणि दिवसभर धंद्याचा एकही फोन घेऊ नका.

दुसऱ्या दिवशी नेमलेल्या माणसासोबत बसून पाहा: ई-वे बिल त्याने स्वतः काढलं का? पैसे गेले का? कुठल्या गोष्टीला तुमची वाट बघत थांबले? जिथे थांबले ती ओळ वहीत लिहून मा, प किंवा नि ठरवा आणि तो दोष दोन दिवसांत काढा. त्याच्या हातून चूक झाली असेल तर रागावू नका. आज रागावलात तर सुट्टीत तो प्रत्येक गोष्ट विचारूनच करेल.

तपासा: एका दिवसात तीनपेक्षा जास्त ठिकाणी काम थांबलं असेल तर आठवड्याभरात आणखी एक तालीम घ्या.

टप्पा ७: शेवटचे तीन दिवस

ह्या तीन दिवसांत नवं काहीही सुरू करायचं नाही. नवा सूतवाला, नवा कामगार, नवी पार्टी, हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं अपडेट, सगळं परतल्यावर.

पहिल्या दिवशी कर आणि देणी: कर सल्लागाराकडून काही बाकी नाही ना ते विचारा, महावितरणच्या बिलाची शेवटची तारीख बघा. दुसऱ्या दिवशी ताबा: रोकड मोजून सही, चेकची यादी, चाव्या, वही. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दुकानात बसा, पण खुर्चीवर नेमलेला माणूस असू द्या आणि तुम्ही बाजूला. प्रश्न आला की त्याच्याकडे बोट दाखवा.

रात्रीच्या गाडीला निघायचं असेल तर संध्याकाळी चारनंतर कामाचं नाव नको. गाडी सुटेपर्यंत फोनवर असलेला माणूस पहिले दोन दिवस थकव्यातच घालवतो.

टप्पा ८: सुट्टीत

दिवसातून एकदा, दहा मिनिटं, आणि फोन तुम्ही करायचा. वेळ सकाळची ठेवा, साधारण साडेनऊ. रात्री कळलेल्या अडचणीवर रात्री काहीच करता येत नाही, फक्त झोप उडते. सकाळी कळली तर दिवसभरात मार्ग निघतो. तिसऱ्या दिवसापासून हा फोनही एक दिवसाआड करता आला तर करा.

मोबाइलवरचं सीसीटीव्हीचं अ‍ॅप काढून टाका. बायको-मुलं समुद्रात आणि आपण वाळूवर बसून पाच नंबरचा लूम बंद का आहे ते बघतोय, ही सुट्टी नव्हे. बंद लूम दिसला की फोन जातो, फोन गेला की नेमलेल्या माणसाचा अधिकार संपतो.

टप्पा ९: परत आल्यावर

पहिला अर्धा दिवस फक्त वही वाचायची. नेमलेल्या माणसासोबत बसून रोकड, चेकची यादी आणि पावत्या जुळवा. वापरलेले आणि उरलेले चेक मोजा. सब-युजर आणि बँकेची मंजुरी पुढच्या वेळेसाठी चालू ठेवायची की बंद करायची हे त्याच दिवशी ठरवा. अर्धवट चालू राहिलेली परवानगी महिन्यांनी लक्षात येते.

त्याने घेतलेला एखादा निर्णय तुम्हाला पटला नाही तरी तो कामगारांसमोर किंवा पार्टीसमोर फिरवू नका. दार लावून बोला आणि पुढच्या वेळेची हद्द बदला. पार्ट्यांना मात्र दुसऱ्या दिवशीच फोन करा. एक दिवस पुढची तारीख सांगितली होती ती ह्यासाठीच.